बिनतिकिटाचा मेल

आमचे घरमालक अण्णा जेवायला बसताना चपला दाराबाहेर न काढता आत आणून पाटामागे ठेवत. मध्येच उठावं लागलं तर शोधाशोध नको, हे त्यांचं कारण. आणि मध्येच उठावं लागायचंच. फाटक वाजलं, गल्लीत कुणी जरा जोरात बोललं, फोनानं टिंग केलं, की अण्णा उठले. बहुतेक वेळा काहीही झालेलं नसे. परत येईपर्यंत आमटी गार झालेली असे आणि त्यांची थोरली बहीण आक्का कपाळाला हात लावून म्हणे, "अण्णा, जरा बूड टेकून खा की रं. भाकरी काय पळून चाललीय व्हय?"

मी मूळचा निपाणीचा. बेळगावातल्या एका फौंड्रीत हिशेबाच्या कामाला लागलो तेव्हा शहापुरात त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. खाली मागच्या अंगाला आक्कांचा मागाचा कारखाना, पुढच्या दोन खोल्यांत अण्णा आणि आक्का, वर मी. आक्कांचे यजमान लवकर गेले होते आणि मूलबाळ नव्हतं. अण्णांचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मुलगी बघाय गेलतो. पोहे येस्तवर थांबाय झालं न्हाय." ते मला नावानं कधीच हाक मारत नसत. पहिल्या दिवशी सामान उतरवून घेताना 'निपाणीकर' म्हणाले, ते गल्लीनं उचललं आणि दूधवालासुद्धा मला त्याच नावानं ओळखू लागला.

अण्णांची अख्खी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती. खानापूर रोड, निपाणी रोड, कुठंही आडरानात उभं राहायचं, हात करून बस थांबवायची, चढायचं, तिकिटं बघायची, उतरायचं, समोरून येणारी पकडायची. जन्मभर असा चढउतार केलेल्या माणसाला निवृत्त करून घरी पाठवलं तर तो घर डोक्यावर घेणार नाही तर काय करणार? आक्का सांगत, की पहिले काही महिने ते रोज सकाळी उगीच स्टँडवर जाऊन उभे राहत. मग घरात दोघांकडं स्मार्टफोन आले, बँकेनं सगळ्यांकडून ईमेलचे पत्ते मागून घेतले, त्या पत्त्यांवर बँकेच्या नावानं खोटेनाटे मेल यायला लागले आणि अण्णांना परत ड्यूटी मिळाली.

आलेल्या मेलला ते प्रवासी समजत. माझ्या खोलीत न बसता दाराच्या चौकटीला टेकून ते मला शिकवत, "निपाणीकर, ह्यो बसला कुठं आन् उतरणार कुठं, एवढंच बघायचं. मधल्या गप्पा सोडा." बसला कुठं, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता. वर नाव बँकेचं असतं, पण त्या नावावर बोट ठेवलं की खालून खरा पत्ता निघतो, आणि त्यात @ च्या पुढं बँकेऐवजी भलतंच काहीतरी लिहिलेलं असतं. उतरणार कुठं, म्हणजे ज्या निळ्या अक्षरांवर 'येथे क्लिक करा' म्हणून सांगतात, ती आपल्याला कुठं नेतात ते. त्यांच्यावर बोट न उचलता दाबून धरायचं, मग पत्ता दिसतो. हे दोन्ही पत्ते जुळले नाहीत, की अण्णांचा चेहरा खुलायचा. "उतरा खाली," ते फोनाला म्हणायचे.

घाई हे त्यांच्या मते तिसरं लक्षण. 'चोवीस तासांत खाते बंद होईल' असं वाचलं, की त्यांना जुने दिवस आठवत. "मी बसमदी चढलो की बिनतिकिटाचा माणूस लगीच उतराय बघायचा. कंडक्टर, थांबवा, माझं गाव आलं! गाव कुठलं येतंय, समोर नुसता ऊस." मायन्यात 'प्रिय ग्राहक' असलं तरी त्यांना राग येई. "पासबुकावर माझं नाव चुकीचं का हुईना छापलंय त्यांनी. त्यास्नी माझं नाव ठाव न्हाय व्हय?" आणि पिन किंवा ओटीपी मागणारा मेल आला की ते नुसते मान हलवत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत.

पकडलेला प्रत्येक मेल ते झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणत आणि जिन्याच्या भिंतीला चिकटवत. चुकीच्या जागी लाल पेन्सिलीनं गोल. माझ्याकडे आलेले पाहुणे जिना चढताना थांबून वाचत बसत, आणि माझ्या मेव्हण्याला तर बराच काळ वाटत होतं, की मी कसल्यातरी कोर्टाच्या भानगडीत अडकलोय. गल्लीतली माणसं आपापले फोन घेऊन येत. खालून हाक यायची, "अण्णा, ह्ये खरं हाय काय बघा जरा." अण्णा पायरीवर उभ्यानंच बघत आणि निकाल देत. त्यांनी खोटं म्हटलं की माणूस मेल पुसून टाके. त्यांनी खरं म्हटलं की घरी जाऊन बिनघोर बटण दाबे. अख्ख्या गल्लीच्या खात्यांची किल्ली या माणसाच्या जिभेवर होती म्हटलं तरी चालेल, आणि त्यांना त्याची जाणीव होती. त्यामुळेच बहुधा त्यांना झोप कमी होती.

हा माणूस कधी चुकला नाही असं मात्र समजू नका. एकदा बँकेचा अगदी खरा मेल आला होता, आक्कांच्या खात्याची कागदपत्रं नव्यानं द्यायला सांगणारा. अण्णांनी तो भिंतीला लावला. पुन्हा आला, पुन्हा लावला. शेवटी आक्कांचं खातं अडकलं आणि सुताच्या व्यापाऱ्याला दिलेला चेक परत आला. आक्कांनी त्या दिवशी त्यांना जे काही ऐकवलं ते माडीवर मला शब्द न् शब्द ऐकू आलं. माग चालू असतानासुद्धा ऐकू आलं, यावरून काय ते समजा. अण्णा बँकेत जाऊन ते निस्तरून आले आणि मला म्हणाले, "खऱ्या माणसाला दोनदा तिकीट विचारलं तर काय बिघडतंय?" भिंतीवरचे ते दोन कागद त्यांनी काढले नाहीत. लाल गोल तेवढे खोडले.

माग चालू असतानासुद्धा, असं मी म्हटलं खरं, पण पुढं ते चालू राहिले नाहीत. आक्कांचे चार माग होते. पहाटेपासून त्यांचा खडखडाट चाले आणि माझ्या खोलीतला पाण्याचा तांब्या फळीवर हलत राही. पहिल्या महिन्यात मला वेड लागायची वेळ आली होती, नंतर त्याशिवाय डोळा लागेना. आक्का कडक होत्या. कासोटा घट्ट, चष्मा दोऱ्यानं गळ्यात, एका मागाचा आवाज किंचित बदलला तरी स्वयंपाकघरातून "तिसऱ्याचा धागा तुटलाय गं" म्हणून मागावरच्या बाईला ओरडणार. पण साड्यांचा भाव पडत गेला, सुरतेचा माल आला, गुडघे गेले. एका उन्हाळ्यात त्यांनी चारही माग विकले. टेम्पो भरून गेला तेव्हा आक्का दारात आल्या नाहीत. आलेले पैसे त्यांनी बँकेत ठेवले आणि त्यातला रुपया काढला नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "माझं चार माग आता बँकेत उभं हाईत."

कारखान्याची जागा रिकामी झाली. फरशीवर मागांच्या पायांचे चौकोन तेवढे उरले. घर इतकं शांत झालं, की त्या शांततेनं अण्णांचा जीव आणखीच उडाला. पूर्वी खडखडाटात त्यांची येरझार कुणाच्या लक्षात येत नसे. आता त्यांच्या चपलांचा आवाज दिवसभर घरात फिरत असे. आक्कांच्या चार मागांची राखण आपल्या गळ्यात आहे, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. आक्का चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या. रोजचा पेपर त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत, पोथी वाचत, पण इंग्रजी आणि कन्नड अक्षराशी त्यांची ओळख नव्हती. बोलायला कन्नड अस्सल यायचं, वाचायला नाही. आणि बँकेचं जे काही येई ते इंग्रजीत. म्हणून अण्णांनी त्यांना एकच शिकवलं होतं. इंग्रजीत काही आलं, की हात लावायचा नाही, मला हाक मारायची.

ही हाक आली की अण्णा कुठं असतील तिथून निघत. खानापूरच्या पुढं गुंजीला त्यांच्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मलाही त्यांनी ओढून नेलं होतं, आक्का मात्र गुडघ्यांमुळं घरीच होत्या. मुलीचा मामा म्हणून नवरीला बोहल्यावर आणायचा मान अण्णांचा. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, माणूस नुसता फुलला होता. तेवढ्यात आक्कांचा फोन. "बँकेचं काय तरी आलंय" एवढं ऐकू आलं आणि आवाज गेला. गुंजीत रेंजचा नेहमीचाच लपंडाव. अण्णा फोन उंच धरून मांडवाबाहेर गेले, तिथून रस्त्यावर, तिथून स्टेशनावर. इकडं मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ आली आणि मामा नाहीत. मी पळत स्टेशनावर गेलो तर बेळगावकडं जाणारी गाडी सुटत होती आणि दारात फेटा दिसत होता. गाडी समोर लागली म्हणून चढलो, असं नंतर ते म्हणाले. नवरीला दुसऱ्याच कुणी मामानं उचललं. घरी येऊन अण्णांनी पाहिलं तर बँकेची गाडीच्या कर्जाची जाहिरात होती. आक्कांनी फोन आल्या जागी ठेवला होता, त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. "बघा," अण्णा मला कौतुकानं म्हणाले, "असं पायजे."

त्या चुलतबहिणीनं वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याचं त्यांना वाईट वाटायचं, हेही सांगायला हवं.

त्यांचं आणखी एक काम अव्याहत चालू होतं. बँकेत नवा मॅनेजर आला, की अण्णा त्याला नारळ घेऊन भेटायला जात आणि नारळासोबत एक अर्ज देत. माझ्या आणि माझ्या बहिणीच्या खात्याचे सर्व संदेश मराठीतून यावेत, ही विनंती. आमच्याकडं भाषेचा विषय निघाला की आवाज चढतात. अण्णांचा कधी चढला नाही. नोकरीभर त्यांनी कन्नडमध्ये शिव्या खाल्ल्या होत्या आणि कन्नडमध्येच परत दिल्या होत्या. बँकेच्या दारावरच्या वॉचमनशी त्यांचं गूळपीठ कन्नडमधूनच होतं. "मला सगळं वाचता येतंय हो," ते म्हणत. "आक्काला येत न्हाय. तिचं पैसं, आन् तिलाच कळायचं न्हाय व्हय, काय लिवलंय ते? मी मेल्यावर कुणाला हाक मारंल ती?" मॅनेजर कधी तेलुगू असे, कधी ओडिया. तो नारळ ठेवून घेई आणि वर पाठवतो म्हणे. अर्ज खरंच वर जात असतील की नारळाबरोबरच फुटत असतील, मला माहीत नाही. मी एकदा म्हटलंही, "अण्णा, कशाला नादी लागता? होणार नाही ते." त्यावर ते आठ दिवस माझ्याशी तुटक वागले.

आणि मग ती सकाळ. सुट्टीचा दिवस होता, मी दाढी करत होतो. जिन्यावर चपलांचा आवाज आला, तो नेहमीपेक्षा दुप्पट. दार ढकलून अण्णा आत आले, हातात मिठाईवाल्याकडचा कुंद्याचा डबा, आणि मी काही बोलायच्या आत साबण लागलेल्या तोंडात त्यांनी कुंद्याचा गोळा कोंबला.

"खावा निपाणीकर, खावा! होणार न्हाय म्हणत हुतासा न्हवं? झालं! बँकेनं मराठीत लिवलं!"

डबा निम्मा रिकामा होता. अण्णा गल्लीत आधीच फिरून आले होते. प्रत्येक दारात कुंदा, आणि प्रत्येक दारात तेच सांगणं, की बँकेचं मराठीत पत्र आलंय, तुम्हालाबी येईल, खरं हाय, भरून टाका. त्यांचे डोळे पाणावले होते. एवढा आनंदलेला मी त्यांना कधीच पाहिला नव्हता आणि मलाही खरंच बरं वाटलं. मी साबण पुसून त्यांचा फोन हातात घेतला.

'सप्रेम नमस्कार,' असा मेल सुरू होत होता. 'आपण आमचे जुने आणि विश्वासू खातेदार आहात. यापुढे आपल्याशी होणारा सर्व पत्रव्यवहार आपल्या मातृभाषेतून करण्याचे बँकेने ठरवले आहे. त्यासाठी आपल्या खात्याची माहिती अद्ययावत करणे आवश्यक आहे. कृपया खालील दुव्यावर जाऊन ही माहिती आजच भरावी, अन्यथा आपली सेवा तात्पुरती थांबवावी लागेल.'

मराठी सुरेख होतं. आता यंत्राला सांगितलं की ते हव्या त्या भाषेत लिहून देतं. ज्यानं हे पाठवलं त्याला अण्णांचे अर्ज आणि नारळ ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. आडनावावरून माणसं निवडून त्यानं जाळं टाकलं असणार, बस. पण अण्णांना ते स्वतःच्या अर्जाचं उत्तर वाटलं होतं. मी वरच्या नावावर बोट ठेवलं. खालून जो पत्ता निघाला, त्यात बँकेच्या नावाचं एक अक्षर नव्हतं.

माझ्या तोंडातला कुंदा गोड लागेना.

"अण्णा," मी म्हटलं, "हा बसला कुठं ते बघितलं का?"

ते हसले. मग माझ्या चेहऱ्याकडं पाहून हसायचे थांबले. "काय सांगालाय? चोर कशाला मराठीत लिवंल? चोराला काय पडलंय? मी अर्ज दिलता, त्याचं उत्तर हाय ते."

"एकदा बघा तर खरं."

"तुम्हाला पयल्यापास्नं हे नकोच हुतं," ते एकदम तापले. "नाट लावू नकासा."

मी वाद घातला नाही. फोन त्यांच्या हातात दिला आणि उभा राहिलो. दारापर्यंत जाऊन ते परत आले. मग निळ्या अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं आणि दाबून धरलं. दुसऱ्या कुणाचा मेल असता तर हे त्यांनी चहा पिता पिता केलं असतं. आता ते दोन्ही हातांनी फोन धरून उभे होते. पत्ता दिसला. त्यांनी तो वाचला, परत वाचला, आणि मला वाटलं आता हे रागावतील किंवा रडतील. पण ते एवढंच म्हणाले, "आक्का."

"काय?"

"तिलाबी आलाय ह्यो. सकाळीच. मी म्हटलं तिला," ते दाराकडं वळले, "आज तुला माझी गरज न्हाय. तुझं तू वाच, तुझं तू भर."

चपला तिथंच टाकून ते अनवाणी जिना उतरले. मी मागोमाग.

आक्का रिकाम्या कारखान्यात खाटेवर बसल्या होत्या. खिडकीतून ऊन येत होतं. चष्मा नाकावर, मांडीवर फोन, शेजारी बँकेचं कार्ड पालथं पडलेलं. इतक्या प्रसन्न दिसत होत्या, की मला पुढं व्हावंसंच वाटेना.

"आलास व्हय? झालं की रं सगळं," त्या म्हणाल्या. "खात्याचा नंबर भरला, कार्डाचा भरला, मागचं तीन आकडंबी भरलं. सगळं सरळ लिवलंय बघ, येकदाबी अडलं न्हाय मला. आता तेवढं ते येक इंग्रजीत आलंय, ते काय मी बघितलं न्हाय. ते तू बघ."

अण्णांनी फोन घेतला. तो खऱ्या बँकेचा मेसेज होता. त्यात ओटीपी होता. मराठी पानावर खाली रिकामा चौकोन होता आणि वर लिहिलं होतं, 'आपल्याला आलेला क्रमांक येथे भरावा.' आम्ही बघत असतानाच फोनानं टिंग केलं आणि दुसरा ओटीपी आला. पलीकडं कुणीतरी वाट बघत बसलं होतं आणि त्याला दम धरवत नव्हता.

"आकडं भरलंस?" अण्णा ओरडले. "आक्का, ह्ये आकडं तू कुठं भरलंस काय?"

"न्हाय रं. इंग्रजीत हाय न्हवं ते. तूच सांगिटलंयस, हात लावायचा न्हाय म्हणून."

अण्णा मटकन खाली बसले, फरशीवर. पण लगेच उठले, कारण अजून काम होतं. मी ते पान बंद केलं. कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरावर फोन लावला. कन्नडसाठी हे दाबा, हिंदीसाठी ते दाबा, इंग्रजीसाठी ते दाबा. मी काहीतरी दाबलं. बाई बोलायला लागली तसा अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि खोलीभर फिरत अर्धं कन्नड, अर्धं हिंदी असं तिला सांगत सुटले. कार्ड बंद करा, फोनवरची बँक बंद करा, सगळंच बंद करा. ती बिचारी शांतपणे जन्मतारीख विचारत होती आणि अण्णांना बहिणीची जन्मतारीख आठवत नव्हती. आक्कांनी सांगितली. पुष्कळ वेळानं बाईनं कार्ड बंद झाल्याचं सांगितलं. खात्यातली रक्कम जशी होती तशी आहे, म्हणाली. अण्णांनी ते तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

मग त्यांनी आक्कांना सगळं सांगितलं. उभं राहूनच, भिंतीकडं बघत. पत्र बँकेचं नव्हतं. मी न बघता खरं म्हटलं. माझी चूक. तुझं चार माग आत्ता जात हुतं, माझ्यामुळं.

आक्का त्यांना बोलतील म्हणून मी जरा मागं सरकलो. पण त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला आणि पुसतच राहिल्या.

"पैसं हाईत न्हवं जागेवर?" त्या म्हणाल्या. "मग जाऊ दे. मला आपलं वाटलेलं, जल्मात येक तरी काम बँकेचं माझं मी केलं. कुणाला हाक न मारता."

अण्णांचा चेहरा बघवेना. त्यांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. तेवढ्यात त्यांच्या डोक्यात दुसरंच लखकन आलं असावं.

"निपाणीकर, गल्ली!"

मला कळेपर्यंत ते बाहेर होते. ज्या ज्या दारात तासाभरापूर्वी कुंदा दिला होता, त्या त्या दारात ते आता अनवाणी उभे राहत होते. गल्लीत खरंखोटं ठरवणारा हा माणूस, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता, "मगाशी मी सांगिटलं ते खोटं हाय! मी फसलो! मेल उघडू नकासा, काय भरू नकासा!" कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, मग कुंदा परत घेतासा काय?" अण्णा थांबले नाहीत. पुढचं दार वाजल्याचा आवाज आला, मग त्याच्या पुढचं.

मी जायला निघालो तर आक्कांनी मला थांबवलं. फोन अजून त्यांच्या हातात होता. ते इंग्रजीतले दोन मेसेज त्यांनी काढून ठेवले होते.

"पोरा, ह्यात काय लिवलंय ते तरी सांग."

मी वाचून मराठीत सांगितलं. हा क्रमांक कुणालाही देऊ नका. बँक तो तुमच्याकडं कधीही मागत नाही. हा व्यवहार तुम्ही करत नसाल तर ताबडतोब आम्हाला कळवा.

आक्कांनी ते नीट ऐकून घेतलं. मग चष्मा चढवून त्या न कळणाऱ्या ओळींकडं पुन्हा पाहिलं, आणि माझ्यावरच चिडल्यासारख्या म्हणाल्या, "मग येवढं मराठीत लिवाय काय झालंतं त्यास्नी?"